एका कवळीला एकच हात

१

दातांच्या दवाखान्याच्या बरोबर डोक्यावर, जिना चढून गेलं की उजव्या हाताला, एक लांबट खोली होती. तिथे प्लास्टरकाका साचे ओतायचे, मालक फोनवर डॉक्टरांची बोलणी खायचे आणि खिडकीजवळच्या टेबलाशी ती मेणात दात बसवायची. तिला सगळे बडबडी म्हणत. नाव काकांनी ठेवलेलं. सकाळच्या ‘आले’पासून संध्याकाळच्या ‘निघते’पर्यंत तिच्या तोंडून तिसरा शब्द निघाला, तर काका खिडकीतून आभाळाकडे बघायचे, आज वरून काही पडतंय का म्हणून.

काम तिला आवडायचं. स्पिरिटचा दिवा लावायचा, सुरीचं पातं तापवायचं, गुलाबी मेण मऊ करायचं आणि त्यात एकेक दात उभा करायचा. पटाशीचे आधी, मग सुळे, मग दाढा. पेशंटच्या तोंडात ते मेण एकदा बसवून बघितलं, की काका त्याचा साचा करून मेण वितळवून टाकत, त्या जागी कडक प्लास्टिक भरत आणि शिजवत. झाली कवळी. ज्यांची मोडलेली असायची ते कधीकधी जिना चढून थेट वर यायचे आणि दाराजवळच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून बसायचे. दात नसले की माणसाचा चेहरा खाली बसतो, चाळिशीचा माणूस सत्तरीचा दिसतो. काका त्यांच्याशी उगाच मोठ्याने बोलायचे, जणू दातांबरोबर कानही गेलेत.

मालकांनी नोकरी देताना एकच अट घातली होती. “बाई, एका कवळीला एकच हात. सकाळी एकाने, दुपारी दुसऱ्याने, असं केलं की चावा जुळत नाही. रोज तोच हात मला या टेबलाशी हवा. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली होती, पण तिची तिलाच खात्री नव्हती.

कारण बडबडीच्या आत आणखी दोघी राहत होत्या. आता लगेच भुताखेताकडे धावू नका. हे एक दुखणं होतं, त्याला नाव होतं आणि मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाईंनी ते तिला नीट समजावून सांगितलं होतं. लहानपणी सोसवणार नाही इतकं सोसावं लागलं, की एखाद्या मुलीचं मन एका खोलीत मावत नाही. ते भिंती घालून घेतं, आणि प्रत्येक खोलीत वेगळं कोणी राहायला लागतं. एक थोरली होती. डावरी, करारी, कोणाचं ऐकून न घेणारी. आणि एक चिमी, जी अजून शाळेत जायच्या वयाची होती आणि दिवा मालवला की रडायची.

आधीच्या दोन नोकऱ्या याच पायी गेल्या होत्या. ‘काल तूच हो म्हणालीस’, ‘आज म्हणतेस आठवत नाही’, ‘आम्हाला काय खुळे समजतेस?’ म्हणून इथे येण्याआधी ती आणि थोरली घरी बसून मेणावर हात जुळवत राहिल्या. रोज संध्याकाळी, हट्टाने. थोरलीचा डावा आणि हिचा उजवा, दोघींचं काम शेजारी ठेवलं तर खुद्द काकांनाही फरक कळला नसता. चिमीने टेबलाशी यायचं नाही असं ठरलं होतं. तिची वेळ घरी, संध्याकाळी, दिवा लावून.

आता कोण येऊन गेलं ते कळायला खुणा असायच्या. सुरी डावीकडे ठेवलेली असली की थोरली. मेणाच्या बारीक गोळ्या वळून ओळीने मांडलेल्या दिसल्या की चिमीने गुपचूप मजा केली. सुरी पुसून उजवीकडे ठेवलेली असली की आपण स्वतः.

त्या सकाळी ती आली, एप्रन घातला आणि टेबलाशी थबकली. सुरी मेणाच्या लादीत उभी खुपसलेली होती.

२

‘कोणाचं काम हे?’ तिने आत विचारलं.

‘माझं नाही,’ थोरली फणकारली. ‘पात्याची धार जाते अशाने. मी असला गाढवपणा करीन?’

चिमीने तर कानांवर हात ठेवले. ‘मी नाही, मी नाही. तू मला येऊच देत नाहीस इथे.’

दुसऱ्या कोणी ही गोष्ट काकांना विचारली असती. काका, माझ्या सुरीला हात कोणी लावला? सरळ प्रश्न, दोन शब्दांची बाचाबाची, विषय संपला. पण बडबडीला सवयच वेगळी होती. घरात अनोळखी शर्ट सापडला, तो आपणच घेतला असणार. दंडावर वळ उठलेत, आपणच कुठेतरी आपटलो असणार. आयुष्यभर जे जे विचित्र दिसलं त्याचा शेवट ‘आपणच’ इथे झाला होता. त्यामुळे तिने सुरी उपटली, पुसली आणि कामाला लागली.

दुपारी ओला फडका उचलला तेव्हा त्याखाली मेणाची एक पट्टी होती. तिच्यावर वरचे पुढचे दात बसवलेले होते. खाली साचा नव्हता. पेशंटचा नंबर नव्हता. साच्याशिवाय दात बसवायचे म्हणजे पाय न बघता चप्पल शिवायची. कोणी शहाणा ते करत नाही. आणि तरी ते दात असे बसले होते, की तिने आजवर बसवलेले सगळे त्यांच्यापुढे दुकानातले वाटावेत. मधले दोन एकमेकांवर किंचित चढलेले. कवळीत कोणी वाकडे दात मागत नाही.

‘हात सुंदर आहे,’ थोरली हळूच म्हणाली. ती कोणाचं कौतुक करत नाही. तिच्या आवाजात कौतुक नव्हतंच खरं तर, भीती होती.

“काय गं, काय बघतेस एवढं?” काकांनी पलीकडून हाक मारली.

“काही नाही,” म्हणत तिने पट्टी दिव्यावर धरली. दात टपटप करत ताटलीत पडले.

दुसऱ्या दिवशी सुरी पुन्हा उभी होती. फडक्याखाली पुन्हा पट्टी होती, आणि आता सुळेही होते.

३

“नवीन कोणी आली असेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कामाचा ताण वाढलाय का? ताणात कधीकधी असं होतं. तिच्याशी भांडू नका. घालवायला बघू नका. तिला जागा द्या, म्हणजे ती ओळख दाखवेल.”

“पण आम्हाला ती आत सापडत नाही,” बडबडी म्हणाली. “आम्ही शोधलं.”

“सुरुवातीला नाही सापडत.”

पटण्यासारखं होतं. डॉक्टरबाई उगाच काही बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. बडबडी घरी आली, दिवा लावला, चिमीला जरा वेळ खिडकीशी बसू दिलं. घर म्हणजे एक खोली, एक खाट, एक खुर्ची. दुसरी खुर्ची घेण्याचं तिने अनेकदा ठरवलं होतं, पण बसायला कोण येणार होतं? आतल्या दोघींना खुर्ची लागत नाही. कधीकधी तिला वाटायचं, डोक्यात एवढी वर्दळ असून माणूस इतकं एकटं कसं असू शकतं. दोघी होत्या, पण कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवू शकत नव्हतं. स्वतःच्याच हाताने स्वतःचा खांदा थोपटायचा, आणि हा हात कोणाचा हे विचारायचं नाही.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. भावाचं लग्न झाल्यापासून वहिनी महिन्यातून एखादा फोन करायची, तोही जपून, गरम भांडं उचलावं तसा. आज मात्र आवाज खुलला होता.

“ताई, परवा काय मजा आली हो! पोरगी अजून विचारतेय, आत्या परत कधी येणार. आणि तुमचे भाऊ तर रडायचेच बाकी राहिले. म्हणाले, किती वर्षांनी ताई अशी पोटभर बोलली.”

बडबडीने परवाचा दिवस मनातल्या मनात तपासून बघितला. परवा दिवसभर ती टेबलाशी होती. संध्याकाळी इथे, याच खाटेवर. थोरलीही होती, चिमीही. वेळ कुठे तुटली नव्हती. तुटली की तिला कळतं, दुपारीच एकदम दिवे लागलेले दिसतात. परवा तसं काही झालं नव्हतं.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी आले होते?”

वहिनीचा आवाज परत जपून येऊ लागला. “असू दे हो ताई. नसेल आठवत. आम्ही समजून घेतो ना.” मग घाईघाईने म्हणाली, “पण खरं सांगू? अशाच येत जा. अशा फार छान वाटता.”

फोन ठेवल्यावर बडबडी बराच वेळ रडली. भीतीने रडली असं सांगितलं तर खोटं होईल. तिला वाईट वाटलं होतं. तिच्या वाटेकडे डोळे लावून बसणारं एक पोर जगात होतं, आणि ते वाट बघत होतं ती हिची नव्हती.

४

तिघींनी मिळून ठरवलं. उद्या एकीनेही मागे जायचं नाही. डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तसं तिघींनी एकाच खिडकीशी बसायचं. तिघींचे डोळे टेबलावर. थोरलीने चिमीला बजावलं, ‘घाबरलीस तरी चालेल, पळायचं नाही.’

सकाळी सुरी उभीच होती. बडबडीने ती काढली, फडक्याखालचं सगळं वितळवून टाकलं, मेणाची लादी हाताने सपाट केली. आणि स्टुलावरून उठायचंच नाही असं ठरवून कामाला बसली. काकांचा रेडिओ गात होता. मालक फोनवर “होय डॉक्टर, होय डॉक्टर” करत होते. खालच्या दवाखान्यातून ड्रिलचा आवाज येत होता. सगळं जागच्या जागी होतं. एक गाणं संपून दुसरं लागलं तेही तिघींनी ऐकलं.

मग चिमट्यातून एक दाढ निसटली आणि टेबलाखाली घरंगळली.

दात हरवला तर मालक डोकं खातात. ती स्टुलावरून उतरली, गुडघे टेकले, टेबलाखाली डोकं घालून हाताने चाचपडलं. दाढ भिंतीशी सापडली. बस्स, एवढाच वेळ.

वर आली तर सुरी मेणात उभी होती आणि तिची मूठ अजून थरथरत होती. समोर पूर्ण कवळी मांडलेली होती. वरची, खालची, मेणाच्या हिरड्या कोरून, गुळगुळीत करून. दोन दिवसांचं काम.

‘वेळ तुटली,’ बडबडीने स्वतःला सांगितलं. ‘तुटलीच असणार.’

‘नाही तुटली,’ थोरली म्हणाली. ‘गाणं तेच चाललंय, ऐक. माझा हात जमिनीवर होता, तुझ्या हातात.’

चिमी मुसमुसत होती. ‘मला दिसली.’

‘काय दिसलं?’

‘आपण खाली वाकलो ना, तेव्हा मी मागे बघितलं. स्टुलावर कोणीतरी बसलं होतं. पाय हलवत होती ती. आपल्याच चपला होत्या.’

तिने कवळी उचलली. मेण कोमट होतं. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. डाव्या सुळ्याचं टोक उडालेलं. तिने नकळत जीभ फिरवली. पुढचे दोन चढलेले. डाव्या सुळ्याचं टोक उडालेलं, लहानपणी जिन्यावरून पडली तेव्हाचं. ते कोणाला माहीत नव्हतं. ती कधी हसायचीच नाही, मग दिसणार कुठून?

हातात तिचं स्वतःचं तोंड होतं.

“काका,” ती म्हणाली, “आत्ता माझ्या टेबलाशी कोण होतं?”

काकांनी मानही वर केली नाही. “तूच होतीस की. गाणं म्हणत होतीस, म्हटलं आज स्वारी खुशीत आहे. का गं?”

इथे सांगायला हवं होतं. जे काय आहे ते सगळं, सुरीपासून वहिनीपर्यंत. काका भला माणूस होता, निदान येऊन स्टुलाशी उभा राहिला असता. पण मालक फोन ठेवून इकडेच बघत होते. सांगायला गेलं तर सुरुवात कुठून करायची? माझ्यात तिघी आहेत आणि ही चौथी आमच्यातली नाही? एका कवळीला एकच हात. तिसरी नोकरी गेली असती, आणि चौथी कोणी दिली नसती.

“काही नाही,” ती म्हणाली आणि कवळी एप्रनच्या खिशात टाकली.

५

मालकांनी तिला खाली दवाखान्यात तयार माल पोचवायला पाठवलं. एप्रन खुंटीला अडकवून ती गेली. दुपारभर तिथे खोळंबून ती परत आली आणि खिशात हात घातला तर खिसा रिकामा.

“काका, माझ्या खिशात एक काम होतं...”

“अगं, दिलंस ना मला मघाशी! भरून, भट्टीत टाकूनही झालं.” काका हसत होते. डोळे पुसावेत इतके हसलेले दिसत होते. “काय एकेक नकला करतेस गं तू! मालकांची तर अगदी हुबेहूब. एवढे दिवस कुठे दडवलं होतंस हे सगळं?”

भट्टीचं झाकण खडखडत होतं. आत काहीतरी शिजत होतं, कडक होत होतं. आता ते दिव्यावर धरून वितळवता येणार नव्हतं.

‘माग,’ थोरली म्हणाली. ‘हातोडी घे आणि फोड.’

पण मागितलं असतं तर काकांनी विचारलं असतं, कोणाची गं ही? नंबर कुठाय? मालक उठून आले असते. बडबडीने एप्रन पुन्हा खुंटीला अडकवला. उद्या थंड झाली की बघू, असं म्हणत ती निघाली. नोकरी तर शाबूत होती.

घरी तिला घास चावेना. पुढचे दात हलताहेत असं वाटलं. बोट लावून बघितलं तर खरंच हलत होते, दुधाचे दात हलतात तसे. ‘माझे पडले तेव्हा असंच झालं होतं,’ चिमी म्हणाली. बडबडी न जेवता आडवी झाली. दिवा चालू ठेवला. चिमीसाठी, असं ती म्हणाली.

६

सकाळी ती नेहमीच्या वेळी जिना चढली. तोंड जड झालं होतं, जीभ तोंडात फिरवायला तिचं मन धजत नव्हतं. दाराच्या काचेशी पोचली आणि आतून हसणं ऐकू आलं. त्या खोलीत तिने असं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

खिडकीजवळच्या टेबलाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात तिचा एप्रन. सुरी मेणात उभी. पाय हलत होते. मालक चक्क टेबलाच्या कडेला टेकून उभे होते, चहाचा कप हातात घेऊन.

“हे बघा काका,” मालक म्हणत होते, “मला नेमकं असंच माणूस हवं होतं. रोज अशाच या हो बाई.”

बडबडीने दार ढकललं. “काका,” ती म्हणाली. तोंडातून नुसती हवा बाहेर आली, फुसफुस करत. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ आत गेले, शब्द बनेना. मग तिने भीतभीत जीभ फिरवली. वर हिरडी. खाली हिरडी. गुळगुळीत, पार शेवटपर्यंत.

प्लास्टरकाकांनी वळून बघितलं. हात पुसत ते लगबगीने पुढे आले आणि तिच्या कानाशी मोठ्याने बोलले.

“या आजी, या! कवळी मोडली वाटतं? जिना कशाला चढलात, खालीच सांगायचं ना. बसा, बसा इथे. आमची बडबडी करून देईल हं झटक्यात.”

त्यांनी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं, काळजीने, हळू. पेल्यात पाणी आणून दिलं. आजवर काकांनी तिला कधी इतक्या मायेने वागवलं नव्हतं. तिने त्यांची बाही घट्ट धरली. त्यांनी एकेक बोट सोडवून तिचा हात तिच्याच मांडीवर ठेवला आणि थोपटला.

“घाबरायचं नाही, आजी. दुखत नाही काही.”

टेबलाशी बसलेलीने मान अर्धी वळवली. पूर्ण नाही. गालाची एक कड दिसली आणि हसताना उघडलेलं तोंड. मधले दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले.

आत तिघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. इतक्या जवळ त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

‘आपल्यातली कोण गेली?’ बडबडीने विचारलं.

‘कोणी नाही,’ थोरली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला होता. ‘मी इथे आहे. तू इथे आहेस. चिमी इथे आहे.’

चिमीने बराच वेळ त्या हलणाऱ्या पायांकडे बघितलं.

‘आपण सगळ्या इथे आहोत,’ ती म्हणाली, ‘मग कामावर कोण आलंय?’